टायपिंगच्या खोलीतले नऊ संगणक

एप्रिल २०२४. सकाळी सातच्या बॅचला वालूरहून एक मुलगी एसटीनं यायची. परतीची गाडी आठची, त्यामुळं स्टँडवर पोचायचा वेळ धरून तिच्या हातात पंचेचाळीस मिनिटं उरायची. त्यातली सात मिनिटं तिच्यासमोरचा संगणक चालू होण्यात जायची, मी घड्याळ लावून मोजली होती. पुढं वर्ड उघडलं तरी ती ओळ टाइप करून मोकळी व्हायची आणि अक्षरं मागून, थांबत थांबत उमटायची. टंकलेखनाचा वेग तालावर चढतो. नजर उताऱ्यावर असली तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून अक्षर उमटलेलं कळावं लागतं. ते कळलं नाही की बोट अडखळतं, आणि अडखळायची सवय एकदा लागली की मिनिटाला मराठीचे तीस शब्द गाठायला किती महिने जातील ते सांगता येत नाही. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला त्या वेगाचं प्रमाणपत्र लागतं. फी ती पूर्ण तासाची देत होती. मला ते सहन होईना.

परभणी जिल्ह्यातल्या सेलूतली ही टायपिंगची इन्स्टिट्यूट माझ्या वडिलांची, अण्णांची. त्यांच्या काळात या खोलीत अकरा टाइपरायटर होते. शासनाची परीक्षा संगणकावर गेली तशी यंत्रं एकेक करून कोपऱ्यात गेली आणि संगणक आले. आता नऊ आहेत. एक ते चार नंबरचे जी ४१ चिपसेटच्या मदरबोर्डाचे (चिपसेट म्हणजे बोर्डावरचे भाग एकमेकांशी जोडणारी चिप), त्यांत पेंटियम ई ५५०० प्रोसेसर. पाच ते नऊ एच ६१ बोर्डाचे, त्यांत पेंटियम जी ६२०. सगळ्यांत रॅमची, म्हणजे मेमरीची, दोन जीबीची एकेकच पट्टी आणि जुनी फिरती हार्ड डिस्क. घेतले तेव्हा विंडोज ७ होतं, नंतर त्यावरच विंडोज १० चढवलं.

परभणीच्या एका दुकानात दाखवायला नेलं, तर त्यांनी डबा उघडलासुद्धा नाही. "मॅडम, भंगारात काढा, नवीन घ्या," म्हणाले. एकाला तीस हजार. नऊ संगणकांचे दोन लाख सत्तर हजार होतात. तेवढे पैसे माझ्याकडं नव्हते, आणि असते तरी न बघताच काढून टाकायचं मनाला पटलं नसतं.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "अडायलंय कुठं ते बगितलं का त्यानं?"

अण्णांची एक जाड वही आहे. प्रत्येक टाइपरायटरचं त्यात पान आहे. ‘मशीन खराब’ असं त्या वहीत एकदाही लिहिलेलं नाही. ‘सात नंबर, त उशिरा परत येतो.’ ‘दोन नंबर, रोलर डावीकडं कागद ओढतो.’ अशा नोंदी, आणि खाली काय केलं ते. मी त्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर एक ते नऊ आकडे टाकले.

पहिल्या दिवशी मी काहीच उघडलं नाही. मुलं सराव करत असताना प्रत्येक संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि नुसती बघत बसले. दोन जीबीतली पावणेदोन जीबी मेमरी भरलेली, डिस्क शंभर टक्के, आणि प्रोसेसर मात्र तीस-चाळीस टक्क्यांवर. डिस्क शंभर टक्के बघून मला आधी वाटलं, डिस्कच गेली. तसं नव्हतं. ओटा लहान असला की स्वयंपाक करताना अर्धी भांडी फळीवर चढवावी लागतात, आणि लागली की परत उतरवावी लागतात. रॅम भरली की विंडोज तेच करतं. हातातलं काम डिस्कवर नेऊन ठेवतं, परत आणतं, पुन्हा ठेवतं. फिरती डिस्क या ये-जा करण्यात दमून जाते आणि मूल टाइप करत असलेलं अक्षर रांगेत थांबतं. प्रोसेसर बिचारा मोकळाच बसलेला.

इथं एक सांगायला हवं. आमच्याकडं सगळ्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. त्यामुळं ‘सीपीयू स्लो झालाय’ म्हटलं की ऐकणारा प्रोसेसरचा विचार करतो, आणि न बघताच प्रोसेसर नाहीतर अख्खा डबा बदलायचा सल्ला देतो. मी वहीत तीन रकाने पाडले: मेमरी, डिस्क, प्रोसेसर.

संध्याकाळी चित्र वेगळं दिसलं. संध्याकाळी पाच ते नऊ नंबरवर मुलं ऑनलाइन फॉर्म भरतात, पीडीएफ करतात, स्पर्धा परीक्षेचे व्हिडिओ बघतात. तेव्हा मेमरी आणि डिस्क भरलेलीच, पण प्रोसेसरही नव्वदच्या वर जाऊन तिथंच अडकायचा. म्हणजे सकाळच्या कामाला रॅमची गरज, संध्याकाळच्या कामाला दोन्हींची. एक ते चार नंबरवर सराव सोडून दुसरं काही चालत नाही. तिथं प्रोसेसर बदलण्यात पैसे घालायचे नाहीत, हे त्याच दिवशी ठरलं. जी ४१ वर ई ८४०० हा प्रोसेसर बसला असता. वेग ३ गिगाहर्ट्झ. मनात आलं होतं. पण ई ५५०० च्या २.८ वरून ३ वर जाऊन टाइप करणाऱ्या पोराला काय मिळणार होतं?

सामान मुंबईहून आलं. आमचा एक जुना विद्यार्थी तिकडं नोकरीला आहे, परभणीकडचं कुणी भेटलं की ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणत मिठी मारणारा. त्याला मी यादी पाठवली, त्यानं लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दोन रविवार घालवले आणि सुट्टीला येताना देवगिरी एक्स्प्रेसनं पिशवी घेऊन आला. पाच सेकंड हॅन्ड आय-५ ३४७० प्रोसेसर, अठराशेला एक. चार जीबीच्या दहा डीडीआर ३ रॅम, साडेचारशेला एक, त्याही वापरलेल्या. नऊ एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणाऱ्या चिपच्या डिस्क, मात्र नव्या. डिस्क वापरलेली घ्यायची नाही, हे मी त्याला बजावलं होतं.

मग उघडायला सुरुवात केली. सेलू-मानवतचा पट्टा कापसाचा. जिनिंग चालू असतात तेव्हा हवेत कापसाचा बारीक तूस तरंगत असतो. तो पंख्यानं आत ओढला जातो, वर काळ्या मातीची धूळ बसते, आणि प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये नमद्यासारखा थर तयार होतो. तीन नंबरचा थर मी बोटांनी सोलून काढला, तो अखंड निघाला. पात्यांतून हवा जायला जागाच राहिली नव्हती. ब्लोअरनं आधी सगळं अंगणात नेऊन झाडलं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, नाहीतर तो वेड्यासारखा फिरतो आणि बेअरिंग जातं.

एप्रिलात आमच्याकडची हवा इतकी कोरडी असते की सिंथेटिक ओढणी काढताना चट् चट् वाजते. तीच ठिणगी रॅमच्या चिपला मारू शकते आणि डोळ्यांना काही दिसतही नाही. म्हणून सुती कपडे घालायचे, वायर काढायची, वायर काढल्यावर चालू करायचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरायचं म्हणजे आत साठलेली वीज उतरते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा आणि मगच आत हात घालायचा. हे मी प्रत्येक वेळी केलं, घाईत असतानासुद्धा.

पहिली चूक रॅमची. चार जीबीची नवी पट्टी उत्साहानं एक नंबरमध्ये लावली. पंखा फिरला, डिस्प्ले आला नाही. काढली, सोनेरी टोकांवरून खोडरबर फिरवला, पुसून परत लावली, तरी तेच. दुसरी पट्टी लावली, तरी तेच. तीच पट्टी पाच नंबरला लावली तर लगेच चालू! रात्री उशिरापर्यंत वाचत बसले तेव्हा उलगडलं. माझ्या पट्ट्यांवर एकाच बाजूला आठ चिप होत्या, म्हणजे एकेक चिप चार गिगाबिटची (आठ गिगाबिट म्हणजे एक जीबी). जी ४१ चिपसेट दोन गिगाबिटपर्यंतचीच चिप ओळखतो. त्याला चार जीबी द्यायची तर दोन्ही बाजूंना आठ-आठ, अशा सोळा चिपची पट्टी हवी. एच ६१ ला आठ चिपची चालते. दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर ‘४ जीबी डीडीआर ३’ एवढंच लिहिलेलं असतं. जुन्या बोर्डासाठी रॅम घेणाऱ्यानं चिप मोजून घ्याव्यात, एवढं मला मनापासून सांगावंसं वाटतं. आणखी एक: काही स्वस्त पट्ट्यांवर बारीक अक्षरात ‘फक्त एएमडीसाठी’ असं लिहिलेलं असतं. त्या इंटेलच्या बोर्डात चालत नाहीत. माझ्या विद्यार्थ्यानं ते वाचून अशा दोन पट्ट्या दुकानातच परत केल्या होत्या.

आठ चिपच्या पट्ट्या वाया जाणार नव्हत्या. दहाच्या दहा एच ६१ मध्ये गेल्या, प्रत्येकात चार अधिक चार. एकसारख्या दोन लावल्या की प्रोसेसर दोघींशी एकाच वेळी बोलतो, म्हणून आठची एक घेण्यापेक्षा चारच्या दोन घेतल्या होत्या. आणि त्या पाच संगणकांतून निघालेल्या दोन जीबीच्या पट्ट्या एक ते चारमध्ये दुसऱ्या खणात बसल्या. दोन अधिक दोन, चार. एक रुपया न घालता. जुन्या बोर्डात वेगवान रॅम लावली तर ती बोर्डाच्या वेगानं चालते, बिघडत काही नाही. एक पट्टी उरली, ती अडीनडीला ठेवली. नंतर पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट हा रॅम तपासायचा प्रोग्राम चालवून प्रत्येक संगणक एकेक रात्र तसाच ठेवला. वापरलेल्या रॅममध्ये दोष असला तर तो पहिल्या दिवशी दिसत नाही. तो महिन्यानं, पोरगी परीक्षेचं स्टेटमेंट करत असताना निळ्या पडद्याच्या रूपात दिसतो. सगळ्या पट्ट्या पास झाल्या.

तरी पाच नंबरनं चकवलंच. आठ जीबी लावली आणि प्रॉपर्टीजमध्ये दिसलं: आठ जीबी, पैकी वापरता येण्याजोगी ३.४१. कारण आधीच्या माणसानं ३२ बिटचं विंडोज टाकलेलं होतं. पत्ता लिहायला बत्तीसच घरं असतील आणि प्रत्येकात शून्य किंवा एक एवढंच लिहिता येत असेल, तर एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते होतात. म्हणजे बरोबर चार जीबी. त्यातलेही काही पत्ते ग्राफिक्स आणि बाकीच्या उपकरणांसाठी राखीव. उरलेली रॅम खोलीत आहे, पण तिला घर नंबरच नाही. मग नऊही संगणकांवर ६४ बिटचं विंडोज १० नव्यानं टाकलं. ॲक्टिव्हेशन त्याच मदरबोर्डवर आपोआप परत आलं.

मी पाच नंबरवर मुद्दाम एकेक गोष्ट वेगळी बदलून मोजली, सगळं एकदम बदललं नाही. नुसती रॅम वाढवली: अक्षरं मागून यायची थांबली, पण चालू व्हायला चार मिनिटं लागतच होती. मग एसएसडी लावली: पाऊण मिनिटात वर्ड समोर. एच ६१ चा डिस्क जोडायचा साटा पोर्ट जुन्या, तीन गिगाबिटच्या वेगाचा आहे, तरीही हा फरक. म्हणजे प्रोसेसरला हात लावायच्या आधीच सकाळच्या बॅचचा प्रश्न सुटला होता. कुणाकडं थोडेच पैसे असतील तर याच क्रमानं जावं. प्रोसेसर माझ्या यादीत तिसरा आहे.

पण संध्याकाळच्या कामाला तो हवाच होता. जी ६२० दोन कोअरचा (कोअर म्हणजे आतला काम करणारा भाग), २.६ गिगाहर्ट्झ. आय-५ ३४७० चार कोअरचा, ३.२, आणि गरज पडली तर ३.६ पर्यंत जाणारा. प्रोसेसर बसतो ते सॉकेट एकच, ११५५. म्हणून काढला आणि लावला, एवढंच असेल असं मी धरून चालले होते.

पाच नंबरला लावला. पंखा फिरला, डिस्प्ले नाही. मला वाटलं, अठराशे रुपये बुडाले. विद्यार्थ्याला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, जुना परत बसवा आणि बायोसची आवृत्ती बघा." बायोस म्हणजे संगणक चालू करणारा, बोर्डातच असलेला प्रोग्राम. जी ६२० इंटेलच्या दुसऱ्या पिढीचा आणि ३४७० तिसऱ्या पिढीचा. एच ६१ बोर्ड २०११ मध्ये आले, तिसरी पिढी २०१२ मध्ये. बोर्ड तयार झाला तेव्हा हा प्रोसेसर जन्मलाच नव्हता, तर बोर्ड त्याला ओळखणार कसा? बोर्ड कंपनीच्या साइटवर यादी असते, कोणता प्रोसेसर बायोसच्या कोणत्या आवृत्तीपासून चालतो त्याची. ती आधी बघायची असते, आणि बायोस जुना प्रोसेसर आत असतानाच अपडेट करायचा असतो.

बायोस अपडेट दोन-तीन मिनिटांचंच काम, पण त्यात लाइट गेली तर बोर्ड मेला म्हणून समजा. क्लासचे यूपीएस दोन मिनिटंही टिकत नव्हते. उन्हाळ्यात दुपारी लाइटचा भरवसा नसतो. म्हणून मी एकेक डबा घरी आणला, इन्व्हर्टरच्या बोर्डाला जोडला आणि पहाटे साडेचारला उठून हे काम केलं. पेन ड्राइव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करून त्यावर फाइल टाकली, बोर्डाचा मॉडेल नंबर आणि त्याची आवृत्ती बोर्डावरच छापलेली असते ती फाइलशी दोनदा ताडून बघितली, आणि मग एंटर दाबलं. पडद्यावर अपडेटची पट्टी पुढं सरकत असताना मी श्वास रोखून बसले होते. आई चहा घेऊन आली तर तिलाही हातानं खुणावून दारातच थांबवलं. चार पहाटे, चार बोर्ड, चारही नीट झाले.

नऊ नंबरच्या बोर्डासाठी नवा बायोस कुठंच मिळाला नाही. कुठल्या तरी तिसऱ्याच साइटवरची फाइल टाकायची माझी तयारी नव्हती. तिथला ३४७० परत पाठवून आय-५ २४०० मागवला. तो दुसऱ्या पिढीचाच, चार कोअर, ३.१ गिगाहर्ट्झ, म्हणून जुन्या बायोसवर पहिल्याच झटक्यात चालला. वीज जास्त खातो, कमाल ९५ वॅट. ३४७० चे ७७.

ही उष्णता आमच्या हवेत साधी गोष्ट नाही. त्या आठवड्यात खोलीतलंच तापमान ४१ अंश होतं. जी ६२० वरचे पातळ ॲल्युमिनियमचे कूलर मी आधी नव्या प्रोसेसरवर लावून पाहिले. पूर्ण काम दिलं तर दहा मिनिटांत ८८ अंश. चालत होतं, पण मे महिन्यात संध्याकाळी सलग चार तास चाललं असतं तर प्रोसेसरनं स्वतःला वाचवायला वेग कमी केला असता, आणि मग बदलला कशाला? मधोमध तांब्याचा गोळा असलेले कूलर साडेतीनशेला एक मिळाले. त्यांच्यावर ७२ च्या पुढं गेलं नाही.

प्रोसेसरवरची जुनी पेस्ट खडूसारखी वाळली होती. ती काढायला मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून आयपीएची, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलची, बाटली आणली, सुती चिंधीनं हळू पुसली. नवी पेस्ट मधोमध तुरीच्या दाण्याएवढीच. कूलर वरून दाबला की ती आपोआप पसरते. जास्त लावली तर कडेनं सांडते. कूलरला चार कोपऱ्यांना चार खुंट्या असतात, त्या समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीनं दाबायच्या. ‘टक्’ आवाज आला तरी बोर्ड उचलून मागच्या बाजूनं चारही खुंट्या बाहेर आल्यात का ते बघायचं. सहा नंबरला एक खुंटी अर्धीच बसली होती, आणि संगणक पाच मिनिटांत आपणहून बंद पडला. मागून बघितलं असतं तर कळलं असतं.

सहा नंबरचं दुखणं तेवढ्यावर थांबलं नाही. त्यावर दोन दिवस गेले, आणि या सगळ्या उन्हाळ्यातले मला सगळ्यात जास्त आठवतात ते हेच दोन दिवस.

खुंटी नीट बसवायला कूलर काढला, त्याबरोबर पेस्ट तपासायला प्रोसेसरही काढला आणि परत बसवताना माझ्या घामेजल्या बोटांतून तो निसटला. फार उंचावरून नाही, अर्ध्या इंचावरून, पण एका कोपऱ्यावर पडला. या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डात असतात, केसासारख्या, एक हजार एकशे पंचावन्न. मी उचलून नीट बसवला. संगणक चालू झाला. जिवात जीव आला. मग बघितलं तर रॅम चारच जीबी.

पट्ट्या अदलून बदलून पाहिल्या. पहिल्या खणात दोन्ही चालायच्या, दुसऱ्या खणात एकही नाही. म्हणजे दोष पट्टीत नव्हता. खण पुसला, झटकला, तरी तेच. मग लक्षात आलं की या पिढीत रॅम सांभाळणारा भाग प्रोसेसरच्या आतच असतो. जी ४१ वर तो बोर्डावरच्या वेगळ्या चिपमध्ये आहे. म्हणजे रॅमच्या खणाच्या तारा सॉकेटच्या पिनांमधूनच प्रोसेसरकडं जातात. त्यांतली एक पिन वाकली तर खण मरू शकतो, बाकी सगळं चालू राहतं.

प्रोसेसर काढून टॉर्च तिरपी धरली. त्या कोपऱ्यातल्या सगळ्या पिना एकाच अंगानं चमकत होत्या, वाऱ्यानं एका बाजूला कललेल्या ज्वारीसारख्या. त्यात एकच ताट उलटं झुकलेलं. सापडली, पण तिला हात लावायची हिंमत होईना. तुटली तर बोर्डच गेला.

अण्णा तेव्हा चौऱ्याहत्तरचे होते. त्यांचा हात आता थरथरतो. मी त्यांना फक्त दाखवायला बोलावलं होतं. त्यांनी कपाटातून टाइपरायटरचे खिळे तपासायचं आपलं भिंग काढलं, स्टँडवर लावलं आणि बराच वेळ वाकून बघत राहिले. टाइपरायटरचे टाइपबार एकमेकांत अडकून वाकायचे, ते त्यांनी आयुष्यभर सरळ केले. "मी नाही करत," ते म्हणाले, "तू कर. मी बगतो."

शिवणाची बारीक सुई घेतली. त्यांनी सांगितलं की एकदम सरळ करायला जायचं नाही. वाकलीय त्याच्या निम्मं उचल, थांब, हात बाजूला घे, बघ. मग उरलेल्याच्या निम्मं. ओलांडून पलीकडं गेली तर परत ओढावी लागते, आणि असलं बारीक धातू दोनदा मागं-पुढं झालं की मुळाशी तुटतं. मी श्वास सोडून सुई टेकवायचे, ते भिंगातून बघत "बास" म्हणायचे. सहा वेळा "बास" म्हणाले. सातव्यांदा काही बोलले नाहीत, टॉर्च तिरपी करून फिरवली आणि मला बघायला सांगितलं. सगळी ज्वारी एका अंगाला होती.

प्रोसेसर बसवला. कडेच्या दोन खाचा जुळवून, दोन बोटांत सरळ धरून, न दाबता फक्त ठेवला. चालू केलं. आठ जीबी. अण्णांनी वही ओढून घेतली आणि सहा नंबरच्या पानावर स्वतः लिहिलं: ‘पिन वाकली होती. सुईनं. सहा वेळा.’ अक्षर हललेलं आहे, पण वाचता येतं.

हिशेब सांगते, कारण विचारणारे तोच आधी विचारतात. पाच ते नऊ नंबरला एसएसडी, रॅम, प्रोसेसर आणि कूलर धरून प्रत्येकी सव्वाचार हजारांच्या आसपास, एक ते चारला फक्त एसएसडीचे अकराशे. बोर्डावरच्या सीआर २०३२ च्या सेल सगळ्यांच्या बदलल्या. सेल संपली की घड्याळ मागं जातं, आणि तारीख चुकली की सरकारी पोर्टलच्या साइट सुरक्षिततेचं कारण देऊन उघडतच नाहीत. लोक इंटरनेटला दोष देत बसतात. पेस्ट, आयपीए, सेल, सगळं धरून अठ्ठावीस हजारांच्या आत बसलं. दुकानदारानं एका नव्या संगणकाचे तीस हजार सांगितले होते.

जूनच्या बॅचला एक ते चार नंबर सव्वा मिनिटात तयार होऊ लागले, बाकीचे चाळीस-पंचेचाळीस सेकंदांत. वालूरची मुलगी पहिल्या दिवशी चालू करायचं बटण दाबून सवयीनं खिडकीकडं जाऊन उभी राहिली. मी हाक मारली तेव्हा तिनं वळून बघितलं, आणि पळत येऊन बसली.

पुढचा प्रश्न मला तेव्हाही माहीत होता. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट यायचे थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. माझे फार तर तिसऱ्या पिढीवर थांबलेत, रॅम कितीही घातली तरी ते पुढं सरकणार नाहीत. आमचं सरावाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, म्हणून सात संगणक विंडोज १० वरच ठेवलेत, पण त्यांचं इंटरनेट मी काढून टाकलं. सरावाला ते लागतही नाही. आठ आणि नऊ नंबरवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकली, आणि फॉर्म, पीडीएफ, व्हिडिओ हे सगळं त्या दोनवर हलवलं. पहिले आठ दिवस मुलं बिचकली. ब्राउझर तोच दिसतो म्हटल्यावर रुळली. मराठी टाइप करायला त्यात इन्स्क्रिप्टचा कीबोर्ड आहे. आमची मुलं रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळांच्या मांडणीवर शिकतात, त्यामुळं फॉर्ममध्ये मराठी नाव टाकताना अजून शोधत बसतात. त्यासाठी इन्स्क्रिप्टच्या कळांचा मोठा तक्ता हातानं काढून दोन्ही मॉनिटरच्या मागं भिंतीवर लावलाय.

दोनच संगणकांवर सगळं नेट आल्यामुळं संध्याकाळी रांग लागते. सात नंबरही मिंटवर न्यायचा विचार चालू आहे. काल वहीत नोंद केलीय: ‘आठ नंबर, पंखा चालू होताना घरघरतो, दोन मिनिटांनी थांबतो.’ बेअरिंगचं तेल वाळलं असेल. पहाटे, बॅच यायच्या आधी उघडून बघणार आहे.